वय विचारा, नाव विचारू नका

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात झालेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



उद्या सकाळी समारोपापूर्वी आपल्यापुढे एक ठराव चर्चेला येणार आहे. सोळा वर्षांखालील मुलामुलींना समाजमाध्यमांची दारे बंद करावीत, आणि त्यासाठी ही माध्यमे वापरणाऱ्या प्रत्येकाचे वय आधार कार्डावरून पडताळून घेण्याची सक्ती कंपन्यांवर करावी, अशी मागणी त्यात आहे. ठराव ज्यांनी लिहिला त्या भगिनी शिक्षिका आहेत. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाइल पाहून सकाळी वर्गात पेंगणारी मुले त्यांना रोज दिसतात. त्यांच्या तळमळीविषयी माझ्या मनात आदर आहे आणि ठरावाच्या हेतूला माझा पाठिंबा आहे. त्यात सुचवलेल्या मार्गाला मात्र माझा विरोध आहे. तो का, हे मतदानापूर्वी मांडण्याची परवानगी मी मागितली होती. ती मिळाली याबद्दल मी अध्यक्षांचा आभारी आहे.

प्रथम हेतूविषयी बोलतो, म्हणजे गैरसमज राहणार नाही. मुलांच्या संरक्षणासाठी शासनाने कायदा करावा की नाही, हा वाद महाराष्ट्राला नवा नाही. १८८९ साली कलकत्त्याला फुलमणी नावाची एक बालिका पतीच्या अत्याचाराने मरण पावली. त्यानंतर १८९१ साली संमतिवयाचा कायदा झाला. वयाची मर्यादा दहावरून बारावर नेणे, एवढीच त्याची मजल होती. तरीही महाराष्ट्र ढवळून निघाला. परक्या सरकारने आमच्या सामाजिक आचारांत हात घालू नये, असे टिळकांचे म्हणणे होते. आगरकरांनी ‘सुधारका’तून कायद्याची बाजू घेतली. त्या वादात आपण स्वतःला आगरकरांच्या बाजूचे मानतो. घराच्या उंबरठ्याआड एखाद्या मुलाचा जीव धोक्यात असेल, तर उंबरठा ओलांडण्याचा समाजाला अधिकार आहे, ही आपली भूमिका आहे. म्हणून ‘आईबापांनी आपले आपण बघावे, कायद्याने यात पडू नये’ हे आजचे म्हणणे मला पटत नाही.

ते न पटण्याचे दुसरेही कारण आहे. रात्रपाळी करून घरी येणारी आई आणि अब्जावधींचे भांडवल असलेली कंपनी यांच्यात बरोबरीचा सामना होऊ शकत नाही. मुलाची नजर पडद्यावर खिळून राहिली तरच जाहिरात विकली जाते, म्हणून कधीही न संपणारी चित्रफितींची रांग तयार केली जाते. एक चित्रफीत संपण्याआधी दुसरी सुरू होते. झोपेच्या वेळी फोन किणकिणतो. हा योगायोग नाही, तो धंद्याचा पाया आहे. त्या पायावर घाव घालणारा कायदा आपल्याला हवाच आहे.

आता मार्गाविषयी. संकेतस्थळावर येणाऱ्यांपैकी मूल कोण, हे कंपनीने ओळखायचे कसे? मूल आपण होऊन तसे सांगणार नाही. म्हणजे मूल शोधायचे तर प्रौढांसकट प्रत्येकाला विचारावे लागेल. मुलांसाठी केलेला कायदा अशा रीतीने सर्वांवर लागू होतो. आपण जो ठराव ‘मुलांविषयीचा’ म्हणून वाचला, तो प्रत्यक्षात तुमच्या-माझ्याविषयीचा, गिरणीतल्या कामगाराविषयीचा आणि सत्तर वर्षांच्या आजीविषयीचाही आहे.

यावर कोणी म्हणेल, त्यात काय बिघडले? सिनेमागृहाच्या दारावरही प्रौढांच्या चित्रपटाला वय विचारतातच की. खरे आहे. परंतु तिथे काय घडते ते आठवून पाहा. दारवान तुमच्या चेहऱ्याकडे पाहतो, शंका आली तर कार्ड मागतो, पाहून परत देतो आणि पाच मिनिटांत तुम्हाला विसरतो. तुमच्या कार्डाची नक्कल त्याच्याकडे राहत नाही. तुम्ही याआधी कोणते चित्रपट पाहिले हेही त्याला ठाऊक नसते. इंटरनेटवर नेमके उलट घडते. कार्डाचे छायाचित्र कंपनीकडे जाते. पुष्कळदा कंपनी स्वतः तपासणी करीत नाही, ते काम दुसऱ्या कंपनीला देते, आणि तिच्या तक्रारी तिसरीच कंपनी हाताळते. जितके हात तितक्या नकला होण्याची शक्यता. शिवाय त्या कार्डाच्या शेजारीच तुम्ही काय वाचले, कोणाशी बोललात, रात्री किती वाजता कोणत्या आजाराची माहिती शोधलीत, याची नोंद उभी असते. आजवर या नोंदीला टोपणनाव होते. तिच्यापुढे आता सरकारी ओळखपत्रावरचे नाव लिहिले जाईल.

याचा परिणाम काय होतो, हे दोन अलीकडच्या घटनांवरून दिसेल. डिस्कॉर्ड ही गप्पांसाठी जगभर वापरली जाणारी सेवा आहे. ज्यांचे वय कमी आहे असे ठरवले गेले आणि ज्यांना तो निर्णय मान्य नव्हता, त्यांनी पुरावा म्हणून ओळखपत्रांची छायाचित्रे पाठवली होती. ग्राहकांच्या तक्रारी पाहणाऱ्या बाहेरच्या कंपनीच्या यंत्रणेत चोरांनी शिरकाव केला, आणि सुमारे ७०,००० जणांच्या ओळखपत्रांची छायाचित्रे उघड झाली असावीत, असे डिस्कॉर्डने ऑक्टोबर २०२५ मध्ये स्वतः जाहीर केले. दुसरी घटना जुलै २०२५ मधली, अमेरिकेतली. ‘टी’ नावाचे एक ॲप केवळ स्त्रियांसाठी होते. धोकादायक पुरुषांविषयी एकमेकींना सावध करावे हा त्याचा हेतू. आत येणारी व्यक्ती स्त्रीच आहे हे पडताळण्यासाठी चेहऱ्याचे आणि ओळखपत्राचे छायाचित्र मागितले जाई. तिथून सुमारे ७२,००० चित्रे बाहेर पडली. त्यांतली सुमारे १३,००० याच पडताळणीची होती. सुरक्षिततेसाठी जमलेल्या स्त्रियांचे चेहरे, ज्यांच्यापासून त्यांना सुरक्षितता हवी होती त्यांच्याच हाती पोहोचण्याची वेळ आली. इथे पडताळणी वयाची नव्हती, परंतु धडा तोच आहे. जी माहिती गोळाच केली नाही, ती चोरीला जाऊ शकत नाही.

ब्रिटनचा अनुभवही लक्षात घेण्याजोगा आहे. तिथे अश्लील संकेतस्थळांवर वयाची पडताळणी आणणारा कायदा २०१७ साली झाला आणि २०१९ साली सरकारने ती योजना सोडून दिली. पुढे २०२३ चा ऑनलाइन सुरक्षा कायदा आला आणि २५ जुलै २०२५ पासून वयाची तपासणी सक्तीची झाली. त्याबरोबर आपण दुसऱ्याच देशातून येत आहोत असे भासवणाऱ्या साधनांचा वापर एकदम वाढला. कायदा रद्द करावा या अर्जावर पाच लाखांहून अधिक लोकांनी सह्या केल्या. या कायद्याखाली होणारा दंड कंपनीच्या जागतिक उलाढालीच्या दहा टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. मूल आत शिरले तर जबर दंड, आणि गरजेपेक्षा अधिक माहिती मागितली तर दंडाची भीती त्या मानाने कमी. अशा स्थितीत कंपनीचा वकील काय सल्ला देईल? जेवढे मागता येईल तेवढे मागा, असाच देईल. कायद्याने वय कसे तपासावे यावर बंधन घातले नाही, तर दंडाच्या भीतीनेच खाजगीपणाचा बळी जातो.

आता आपल्या देशाकडे येऊ. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. बहुतेक तरतुदी अमलात आणण्यासाठी त्यानंतर अठरा महिन्यांची मुदत ठेवलेली आहे. या कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालील प्रत्येक जण मूल आहे. त्याची माहिती हाताळण्यापूर्वी आईवडिलांची पडताळता येईल अशी संमती घेतली पाहिजे. मुलांवर पाळत ठेवून त्यांना जाहिरातींचे लक्ष्य करण्यास मनाई आहे. ही शेवटची तरतूद चांगली आहे आणि तिचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. पण याच व्यवस्थेत काळजी वाटावी अशा तीन गोष्टी आहेत.

पहिली अशी की, माहिती हाताळल्याच्या नोंदी किमान एक वर्ष जपून ठेवाव्यात, असे नियमांतच म्हटले आहे. ऑस्ट्रेलियाशी ताडून पाहा. तिथे सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवू न देणारा कायदा १० डिसेंबर २०२५ पासून अमलात आला. ठराव लिहिताना भगिनींच्या डोळ्यांपुढे तोच आहे. परंतु त्याच कायद्यात असेही म्हटले आहे की, सरकारी ओळखपत्र हाच एकमेव मार्ग कंपनीला ठेवता येणार नाही, दुसरा वाजवी पर्याय द्यावाच लागेल, आणि वयासाठी गोळा केलेली माहिती काम झाल्यावर नष्ट करावी लागेल. आपण ऑस्ट्रेलियाची बंदी उचलली आणि तिच्याबरोबरचे कुंपण तिथेच सोडले. आपल्या ठरावात आधार सोडून दुसरा पर्यायच नाही.

दुसरी गोष्ट, शासनाच्या ज्या यंत्रणांना केंद्र सरकार अधिसूचनेने वगळील, त्यांना हा माहितीसंरक्षणाचा कायदा लागू होणार नाही, अशी सोय सतराव्या कलमात आहे. म्हणजे कंपनीने जमवलेल्या नोंदी शासनाच्या हाती गेल्या, तर नागरिकाला दाद मागण्याचे बळ उरतेच असे नाही.

तिसरी, वडिलांची संमती. पुस्तकात ही कल्पना निर्दोष दिसते. पण सतरा वर्षांची एक मुलगी डोळ्यांपुढे आणा. घरात तिच्या लग्नाची बोलणी चालली आहेत आणि तिला कायदा काय म्हणतो ते जाणून घ्यायचे आहे, मदत कुठे मिळेल ते पाहायचे आहे. तिने कोणाची संमती आणायची? जो तिचे लग्न लावतो आहे त्याची? ऊसतोडीला सहा-सहा महिने बाहेर गेलेल्या आईबापांची संमती आजीजवळ राहणाऱ्या मुलाने कशी मिळवायची? आगरकरांच्या बाजूने उभे राहायचे, तर मुलाला घराबाहेरच्या संकटापासून वाचवताना घरातल्या संकटाच्या स्वाधीन करून चालणार नाही.

साथींनो, नोंदवहीचे आयुष्य माणसापेक्षा मोठे असते. खरक सिंग यांचे प्रकरण आपल्यापैकी वकिलांना ठाऊक असेल. उत्तर प्रदेशातला हा माणूस १९४१ साली दरोड्याच्या संशयावरून पकडला गेला आणि पुराव्याअभावी सुटला. सुटला, पण पोलिसांच्या वहीत त्याचे पान उघडले गेले. त्या पानाच्या आधारे पोलीस रात्री-अपरात्री त्याचे दार ठोठावू लागले. सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली रात्रीच्या त्या भेटी रद्द ठरवल्या, परंतु खाजगीपणाचा मूलभूत हक्क मात्र मानला नाही. तो मान्य व्हायला २४ ऑगस्ट २०१७ हा दिवस उजाडावा लागला. न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या प्रकरणात नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितले की, खाजगीपणा हा राज्यघटनेने दिलेला हक्क आहे, आणि त्यावर बंधन आणायचे तर कायदा हवा, योग्य उद्दिष्ट हवे आणि उपाय उद्दिष्टाच्या प्रमाणात हवा. उद्याच्या ठरावाला याच कसोटीवर घासून पाहा. उद्दिष्ट योग्य आहे. पण एखादा सोळा वर्षांचा झाला आहे की नाही, एवढेच जाणण्यासाठी त्याचे नाव, जन्मतारीख, चेहरा आणि आधार क्रमांक मागणे प्रमाणशीर आहे काय?

आधारच्या प्रकरणात सप्टेंबर २०१८ मध्ये याच न्यायालयाने खाजगी कंपन्यांना आधार मागण्याची मुभा देणारा कलम ५७ चा भाग रद्द केला होता. पुढे २०१९ ची दुरुस्ती आणि जानेवारी २०२५ चे नियम यांनी ते दार खाजगी संस्थांसाठी पुन्हा किलकिले केले. जे दार बंद व्हावे म्हणून इतकी वर्षे लढा चालला, ते आपणच आपल्या ठरावाने सताड उघडावे, याचे मला दुःख वाटते.

आता एक साधी व्यावहारिक गोष्ट. आधारवरून वय खरे कळते, हे गृहीतच तपासायला हवे. या मांडवात बसलेल्या ज्येष्ठांपैकी किती जणांचा वाढदिवस एक जूनला येतो, हात वर करा. (हशा) पाहा, हात कमी नाहीत. मुलाला शाळेत घालायला नेले, जन्मतारीख कोणाला ठाऊक नव्हती, गुरुजींनी एक जून लिहून टाकली. तीच तारीख दाखल्यावरून सगळीकडे गेली. आधारच्या नोंदणीतही कागद नसेल त्याची जन्मतारीख सांगितल्याप्रमाणे किंवा अंदाजाने लिहिण्याची सोय होतीच. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये एका अपघाताच्या भरपाईच्या प्रकरणात आधार कार्डावरच्या जन्मतारखेऐवजी शाळा सोडल्याच्या दाखल्यावरची तारीख ग्राह्य धरली. जो कागद वयाचा पुरावा म्हणून न्यायालयात टिकत नाही, त्यासाठी आपण देशभराच्या खाजगीपणावर पाणी सोडायला निघालो आहोत.

चेहऱ्यावरून वयाचा अंदाज बांधणारी यंत्रे निघाली आहेत, ती वापरावीत, असेही सुचवले जाते. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेने २०२४ साली अशा सहा प्रणाली तपासल्या. बायकांच्या चेहऱ्यांबाबत चुका जवळजवळ नेहमीच अधिक होत्या, आणि माणूस जगाच्या कोणत्या भागात जन्मला यावरही अचूकता बदलत होती. उन्हात राबलेल्या चेहऱ्याची यंत्राने चूक केली, तर त्या माणसाने पुन्हा ओळखपत्रच काढून दाखवायचे. डिस्कॉर्डच्या ग्राहकांवर तीच वेळ आली होती.

शिवाय आपल्याकडे फोन एकट्याचा नसतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत स्वतः वापरायचा मोबाइल असलेल्या स्त्रिया देशात ५४ टक्के निघाल्या. इंटरनेट कधी तरी वापरलेल्या स्त्रिया अवघ्या ३३ टक्के होत्या, पुरुष ५७ टक्के. नवऱ्याच्या फोनवर, त्याच्या नावाने पडताळलेल्या खात्यातून ती जे पाहील, ते त्याच्या नावावर नोंदले जाईल आणि त्याला दिसेलही. पडताळणीची प्रत्येक नवी पायरी सर्वांत आधी तिला बाहेर ठेवते.

टोपणनावाने बोलण्याचा हक्क हा काही चोरांचाच हक्क नव्हे. गोपाळ हरी देशमुख सरकारी नोकरीत होते. १८४८ पासून ‘प्रभाकर’ पत्रात त्यांनी ‘लोकहितवादी’ या नावाने शतपत्रे लिहिली आणि आपल्या समाजाला खडे बोल सुनावले. लिहिणाऱ्याने आधी ओळखपत्र जमा करावे असा दंडक तेव्हा असता, तर त्यांतली किती पत्रे लिहिली गेली असती? आज कारखान्यातल्या अपघाताविषयी लिहिणारा कंत्राटी कामगार आणि जातीबाहेर लग्न करू पाहणारे तरुण-तरुणी याच आडोशाला उभे आहेत.

मग करायचे काय? वय विचारायचेच नाही काय? माझे उत्तर असे की, वय विचारता येते आणि नाव न विचारताही विचारता येते. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपला ठराव त्या एक समजतो, ही त्यातली मूळ चूक आहे.

मतदान केंद्राचे उदाहरण घ्या. पहिल्या टेबलावरचा अधिकारी तुमचे नाव यादीत पाहतो आणि बोटाला शाई लागते. तुम्ही कोण हे त्याला पक्के ठाऊक असते, पण तुमचे मत त्याला ठाऊक नसते. मतपेटीत मत असते, पण ते कोणाचे हे पेटीला ठाऊक नसते. हक्काची तपासणी एकीकडे आणि हक्काचा वापर दुसरीकडे, अशी ही रचना आहे. मात्र जुन्या कागदी मतपत्रिकेवर आणि तिच्या स्थळप्रतीवर एकच क्रमांक असे. दोन्ही गठ्ठे कोणी शेजारी ठेवले असते, तर गुपित फुटले असते. म्हणून स्थळप्रती मोहोरबंद ठेवल्या जात. गुपित त्या मोहोरेवर अवलंबून होते.

गणिताने याच्याही पुढची सोय केली आहे. डेव्हिड चॉम या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकाच्या आरंभी एक युक्ती मांडली आणि ती समजावताना कार्बन कागदाचाच दाखला दिला. तुम्ही घरी एका चिठ्ठीवर मनाला येईल तो क्रमांक लिहा. ती आतून कार्बन लावलेल्या लिफाफ्यात घालून बंद करा आणि कचेरीत न्या. कारकून तुमचा दाखला पाहील आणि ‘वय पूर्ण’ या अर्थाची सही लिफाफ्यावर करील. कार्बनमुळे ती आतल्या चिठ्ठीवर उमटेल. बाहेर येऊन लिफाफा फाडा आणि चिठ्ठी दाराशी दाखवा. दारवानाला सही खरी दिसते, पण तुमचे नाव दिसत नाही. कारकुनाने चिठ्ठी पाहिलेलीच नाही, त्यामुळे पुढे तो आणि दारवान एकत्र बसले तरी कोणती चिठ्ठी कोणाची, हे त्यांना जुळवता येत नाही. इथे स्थळप्रतच नाही, म्हणून मोहोरेवर विश्वास ठेवण्याची गरजही नाही. हेच काम आता फोनमध्ये गणिताच्या साहाय्याने करता येते.

ही कल्पना कागदावरच राहिलेली नाही. फ्रान्सच्या माध्यम-नियामक संस्थेने ऑक्टोबर २०२४ मध्ये अश्लील संकेतस्थळांसाठी नियम घातला की, वय तपासण्याचा निदान एक मार्ग असा हवा, ज्यात संकेतस्थळाला माणूस कळणार नाही आणि दाखला देणाऱ्याला संकेतस्थळ कळणार नाही. युरोपीय आयोगाने जुलै २०२५ मध्ये अशाच धर्तीच्या ॲपचा नमुना प्रसिद्ध केला आणि डेन्मार्क, फ्रान्स, ग्रीस, इटली व स्पेन या पाच देशांत त्याची चाचणी ठरवली. आपल्या नियमांतही अधिकृत संस्थेने दिलेल्या सांकेतिक चिठ्ठीचा उल्लेख आहे. परंतु ती चिठ्ठी कुठे वापरली हे देणाऱ्याला कळणार नाही, अशी हमी त्यात नाही. आपला आग्रह नेमका त्या हमीसाठी असला पाहिजे.

या उपायाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. थोरला भाऊ आपली चिठ्ठी धाकट्याला देऊ शकेल. हुशार मूल पळवाट शोधील. ज्याच्याजवळ स्वतःचा चांगला फोन नाही, त्याची अडचण राहील. पण आधार मागितला म्हणून या पळवाटा बुजतात असेही नाही. वडिलांचे कार्ड कपाटात कुठे असते, हे घरातल्या मुलाला ठाऊक असते. काही मुले निसटतील हे मान्य करून कायदा करावा लागेल. एकही मूल निसटू नये असा हट्ट धरला, तर सगळ्या देशाला सदैव ओळखपत्र हाती धरून चालावे लागेल.

आणि ज्या गोष्टीसाठी वय कळण्याची गरजच नाही, ती आधी मागितली पाहिजे. न संपणारी रांग, आपोआप सुरू होणारी चित्रफीत, रात्रीच्या सूचना, पाळत ठेवून दाखवलेली जाहिरात, या सर्व गोष्टी वापरणाऱ्याने मागितल्याशिवाय कोणालाच मिळू नयेत, असा नियम करा. त्यासाठी एकाचेही वय विचारावे लागणार नाही. यात नागरिकाने काहीच गमावायचे नाही, गमवायचे ते कंपनीने. म्हणूनच कंपन्या या मागणीला कडवा विरोध करतील आणि ओळखपत्रांच्या मागणीशी फार लवकर जुळवून घेतील.

तेव्हा उद्याच्या ठरावाला मी पाच दुरुस्त्या सुचवीत आहे.

एक, मुलांना खिळवून ठेवणाऱ्या या युक्त्यांवर सर्वांसाठीच बंधन घालण्याची मागणी ठरावाच्या पहिल्या वाक्यात यावी.

दोन, वयाची तपासणी जिथे खरोखर अटळ आहे तिथेच व्हावी. बातम्या, आरोग्य, कायदा, शिक्षण आणि मदतकेंद्रे यांच्या दाराशी ती कधीही नसावी.

तीन, तपासणीचे उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच असावे. नाव, जन्मतारीख, चेहरा आणि आधार क्रमांक मागण्यास कायद्याने मनाई असावी. दाखला देणाऱ्याला वापराचे ठिकाण कळू नये, आणि वयाच्या पुराव्याला एक वर्ष जपण्याचा नियम लागू नसावा.

चार, मार्ग एकापेक्षा अधिक असावेत. ज्याच्याजवळ कागद किंवा फोन नाही, त्याला शाळा, ग्रामपंचायत किंवा टपाल कचेरीतून विनामूल्य चिठ्ठी मिळावी. पालकांच्या संमतीवाचून मदत मागण्याचा मुलांचा हक्क स्पष्ट लिहावा.

पाच, ही यंत्रणा सार्वजनिक मालकीची आणि कोणाही जाणकाराला तपासता येईल अशी उघडी असावी. दर दाखल्यामागे पैसे घेणारा खाजगी जकातदार मध्ये नको. शासनालाही न्यायालयाच्या हुकमाशिवाय तिच्यात डोकावता येऊ नये.

या दुरुस्त्या स्वीकारल्या, तर ठरावाला अनुमोदन देण्यासाठी मी स्वतः उभा राहीन. त्या फेटाळल्या, तर जड मनाने विरोधात हात वर करीन. ठराव लिहिणाऱ्या भगिनींशी मी काल रात्री जेवणानंतर बराच वेळ बोललो. त्या एवढेच म्हणाल्या, “माझ्या वर्गातल्या मुलींची नावे उद्या कुणाच्या हाती लागणार नाहीत, याची खात्री द्या, मग मी आधारचा आग्रह सोडते.” ती खात्री मी एकटा देऊ शकत नाही. ती कायद्याने द्यावी लागेल, आणि तसा कायदा मागण्याची सुरुवात उद्या या मांडवातून करता येईल.